केस अंगावर आलीय, आता वकील कसा निवडायचा?

वकील कसा शोधायचा ते सांगतेच, पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते फुकट आहे, गप्प बसायचं. पोलीस कधीकधी एकदम चांगलं बोलतात, पाणी विचारतात, "तुमची बाजू सांगून टाका म्हणजे मिटवून टाकू" म्हणतात, आणि आपल्याला वाटतं आपण काही केलंच नाही तर बोलायला काय हरकत आहे. हरकत ही की घाबरलेला माणूस वेळा चुकवतो, नावं विसरतो, एखादी फालतू गोष्ट उगाच लपवतो, आणि मग ती चुकलेली वेळ आणि ती लपवलेली गोष्ट याच्यावरच सगळी केस उभी राहते. नंतर कितीही नावाजलेला वकील लावा, तो आधी तुम्ही पहिल्या दोन तासात काय बोलून बसलात तेच निस्तरत बसतो. म्हणून नाव-पत्ता विचारला तर द्या, हुज्जत घालू नका, खोटं तर अजिबात सांगू नका, न वाचता कशावर सही करू नका, आणि एकच वाक्य शांतपणे म्हणा, "मला वकिलाशी बोलायचंय, त्याच्याशी बोलल्याशिवाय मी घटनेबद्दल काही सांगणार नाही." मग खरंच थांबा. लोकं हे वाक्य म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला "पण मी तर तिथे नव्हतोच ना साहेब" करून सुरू होतात.

हा हक्क बहुतेक देशात आहे, फक्त रूप वेगवेगळं. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून कोठडीत चौकशी करायच्या आधी पोलिसांनी तो स्वतःहून सांगायचा असतो. भारतात राज्यघटनेच्या कलम २० मध्ये स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही असं आहे आणि कलम २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. इंग्लंडमध्ये मात्र एक गोम आहे, तिथे १९९४ च्या कायद्यानुसार चौकशीत गप्प राहून नंतर कोर्टात एखादा मुद्दा पहिल्यांदाच काढला तर कोर्ट त्यातून उलटा अर्थ काढू शकतं, त्यामुळे गप्प बसायचं की बोलायचं हेसुद्धा तिथे वकिलालाच विचारायचं. आणि तिथे पोलीस स्टेशनवर ड्युटी सॉलिसिटर, म्हणजे पाळीवरचा वकील, फुकट मिळतो, कमाई कितीही असो, तर मग लाजायचं कशाला.

दुसरं, मोबाईलला हात लावू नका. चॅट डिलीट करणं, फोटो उडवणं, "फोन हरवला" म्हणणं, हे सगळं मूळ आरोपापेक्षा वाईट दिसतं आणि पुरावा नष्ट केला म्हणून वेगळा गुन्हा लागू शकतो तो वेगळाच. तक्रारदाराला समजवायला फोन करू नका, मित्राला करायला लावू नका, माफीचा मेसेज तर नकोच नको, तो कबुलीजबाब म्हणून प्रिंट होऊन फाईलला लागतो. स्टेटसला टोमणे नकोत. फॅमिली ग्रुपवर चर्चा नको. आणि आत असाल तर तुरुंगातल्या फोनवरून केसबद्दल एक शब्द नको, कितीतरी ठिकाणी ते कॉल रेकॉर्ड होतात.

आता वकील.

आमच्या घरात ही वेळ आली होती, धाकट्या भावावर. पहिला वकील कुणाच्यातरी ओळखीतून मिळाला, ऑफिस मोठं, भिंतभर जाड पुस्तकं, आम्ही खुर्चीत नीट बसायच्या आत तो म्हणाला "काळजीच सोडा, परवा मुलगा घरी." कलमं कुठली लागलीत हे त्याने विचारलंच नाही. आईला बिचारीला इतका धीर आला की तिने तिथल्या तिथे पैसे काढून दिले, पावती मागायचं कुणालाच सुचलं नाही. जामिनाच्या दिवशी तो आलाच नाही, त्याचा ज्युनिअर आला आणि कोर्टाच्या दारात त्याने आम्हालाच विचारलं, "आरोपीचं नाव काय?" मग धावपळ करून दुसऱ्या एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले, कागद दोनदा वाचले, आणि शेवटी म्हणाल्या, "आज मी काहीच सांगू शकत नाही, परवा सांगते." आईला त्या अजिबात आवडल्या नाहीत. केस त्यांनीच लढवली.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगते, पहिल्या भेटीत वकील काय आश्वासन देतो ते सोडा, तो काय विचारतो ते बघा. चांगला क्रिमिनल वकील आधी कागद मागतो. मग विचारतो पुढची तारीख कधी, पोलिसांना आत्तापर्यंत काय बोललात, सही कशाकशावर केली, फोन कुणाकडे आहे, तिथे अजून कोण होतं, आधी कधी काही केस होती का, नोकरी कसली, दुसऱ्या देशाच्या व्हिसावर आहात का, काही औषधं चालू आहेत का. आणि जो पहिल्याच दिवशी "तिथे कॅमेरा होता का?" विचारतो ना, त्याला सोडू नका. कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, जुन्यावर नवं चढतं, आणि तुमच्या बाजूचा तो एकमेव पुरावा असेल तर तो वाचवायला लेखी अर्ज वेळेत जायला लागतो. गॅरंटी देणाऱ्याच्या डोक्यात हे येतच नाही, त्याचं लक्ष तुमच्या पाकिटाकडे.

वकिलाने नेमका काय फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला क्लॅरेन्स गिडियन. १९६१ मध्ये फ्लोरिडातल्या एका पूल हॉलमध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या जागेत, चोरीच्या इराद्याने घुसला असा त्याच्यावर आरोप होता, खिशात पैसे नाहीत, त्याने कोर्टाला वकील मागितला, कोर्ट म्हणालं फाशीची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात आम्ही वकील देतो. मग त्याने स्वतःच आपली केस लढवली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याचं म्हणणं मान्य केलं. लोकांना गोष्ट इथपर्यंतच माहीत असते. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. खटला पुन्हा चालला, आरोप तोच, मुख्य साक्षीदारही तोच, पण यावेळी वकील होता, त्याने आधी जाऊन चौकशी केली होती आणि त्या साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली. ज्युरीने साधारण तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं. तोच माणूस, तीच चोरी! फरक काय, तर कुणीतरी बाहेर जाऊन माहिती काढली आणि नेमके प्रश्न विचारले.

शोधायचा कुठे? घराचं खरेदीखत करून देणारे वकीलकाका कितीही चांगले असले तरी ते या कामाचे नाहीत, जसं दाताच्या डॉक्टरकडे हार्टचं ऑपरेशन करत नाही तसंच. पण त्यांना एक प्रश्न जरूर विचारा, "काका, तुमच्या स्वतःच्या मुलावर ही केस असती तर तुम्ही कुणाकडे गेला असता?" दोनतीन वकिलांना हाच प्रश्न विचारला आणि एकच नाव दोनदा आलं तर ते नाव लिहून घ्या. त्यातही तुमच्या प्रकारच्या केसेस केलेला बघा, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, आर्थिक घोटाळा, ड्रग्ज, लैंगिक गुन्हा, ऑनलाईन फ्रॉड, प्रत्येकाचे पुरावे वेगळे आणि खाचाखोचा वेगळ्या. आणि ज्या कोर्टात केस आहे तिथे रोज उभा राहणारा असेल तर उत्तम, तिथली कामाची पद्धत त्याला माहीत असते. लांबचा फार मोठा वकील आणलात तर तारखांना प्रत्यक्ष कोण उभं राहणार हा प्रश्न येतोच.

अजून एक युक्ती, कुणी फारसं करत नाही. बहुतेक देशात कोर्टाचं कामकाज कुणालाही जाऊन बघता येतं, काही नाजूक खटले सोडून. एक दिवस जाऊन मागच्या बाकावर बसा. कोण कागद न शोधता बोलतंय, कोण नुसतं ओरडतंय, कुणाचं न्यायाधीश ऐकून घेतात, कोण सारखी तारीख मागतंय, हे बघायला कायदा यावा लागत नाही. मोठ्याने बोलणारा वकील अशीलाला फार आवडतो, पण कोर्टात आवाजाने काही होत नाही.

ऑनलाईन रिव्ह्यू बघा पण त्यावर विसंबू नका, सुटलेला माणूस सहसा आपल्या नावाने रिव्ह्यू टाकत नाही. भारतात तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करायलाच बंदी आहे, मग तिथे कुणी "शंभर टक्के सक्सेस" अशी जाहिरात चालवत असेल तर त्यावरूनच काय ते समजा. पोलीस स्टेशनच्या बाहेर स्वतःहून येऊन कार्ड देणारा एजंट नको, आणि ज्या पोलिसाने पकडलं त्यानेच सुचवलेला वकील तर नक्कीच नको. सनद किंवा लायसन्स खरं आहे का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, हे बार कौन्सिल किंवा जी संस्था त्या देशात वकिलांची नोंद ठेवते तिच्याकडे विचारता येतं, कितीतरी ठिकाणी वेबसाईटवरच दिसतं.

भेटीला जाताना सगळे कागद न्या, तक्रारीची प्रत, आरोपपत्र, नोटीस, जामिनाचा आदेश, काय असेल ते. ओरिजिनल द्यायच्या आधी स्वतःकडे कॉपी ठेवा. आणि घटनाक्रम लिहून न्या, तारीख, वेळ, कोण, कुठे, वर मोठ्या अक्षरात "वकिलांसाठी" लिहा आणि तो कागद दुसऱ्या कुणालाही दाखवू नका.

वकिलाला खरं सांगा. सगळं. हे सगळ्यात अवघड जातं कारण आपल्याला वाटतं खरं कळलं तर हा मनापासून लढणार नाही. अहो त्याने असली शंभर प्रकरणं बघितलेली असतात! सल्ल्यासाठी तुम्ही त्याला जे सांगता ते त्याने गुप्त ठेवायचं असतं, तो साक्षीदार म्हणून तुमच्याविरुद्ध उभा राहू शकत नाही. याला अपवाद आहे, पुढे करायच्या गुन्ह्यासाठी त्याची मदत मागितलीत तर ते गुप्त राहत नाही. आणि तुम्ही एक सांगितलंय हे माहीत असताना कोर्टात दुसरंच खोटं सांगायला तो मदत करू शकत नाही. पण अडचणीची गोष्ट त्याला तुमच्या तोंडून आधी कळली तर तो तयारी करतो, सरकारी वकिलाच्या तोंडून भर कोर्टात कळली तर तोही बघत राहतो आणि तुम्हीही. मात्र आई, बायको, मेहुणा सगळे भेटीत शेजारी बसले तर काही देशांत ती गुप्तता धोक्यात येते, म्हणून घटनेबद्दल बोलताना घरच्यांना बाहेर बसवायचं का ते वकिलालाच विचारा. आमच्या वकीलबाईंनी आम्हाला सरळ बाहेर काढलं होतं, मला तेव्हा राग आला होता.

तुम्हीही प्रश्न विचारायचे. माझी केस तुम्ही स्वतः चालवणार की ज्युनिअर? पुढच्या पंधरा दिवसात काय काय होईल? सगळ्यात वाईट काय होऊ शकतं? माझ्या बाजूतली सगळ्यात कच्ची गोष्ट कुठली? या शेवटच्या प्रश्नावर जो "कच्चं काही नाहीच" म्हणतो त्याने कागद वाचलेले नाहीत. फोन कुणी उचलायचा, मेसेज केला तर किती वेळात उत्तर, हेपण आत्ताच ठरवा, नंतर चिडचिड यावरूनच होते.

पैशाचं बोलायला लोकं लाजतात आणि तिथेच फसतात. कुणी ठोक रक्कम घेतं, कुणी तासावर, कुणी तारखेवर, कुणी टप्प्याटप्प्याने. यातलं कुठलंच वाईट नाही पण नेमकं काय काय धरलंय ते लेखी घ्या. जामीन धरलाय का, पूर्ण खटला धरलाय का, अपील तर बहुतेक वेळा वेगळंच असतं, कॉप्यांचा खर्च, एक्स्पर्टचा खर्च कुणाचा, केस लवकर संपली किंवा वकील बदलला तर ॲडव्हान्समधलं काय परत मिळणार. तारखेवर पैसे घेणाऱ्याला तारखा वाढल्या तर तोटा नसतो, एवढं डोक्यात ठेवा, सगळे तसं करतात असं नाही. आणि "सुटलास तर अमुक दे, नाही सुटलास तर काही नको" असली ऑफर आली तर उठून या. क्रिमिनल केसमध्ये निकालावर अवलंबून फी घेणं भारतातही नियमाबाहेर आहे आणि अमेरिकेतल्या वकिलांच्या नियमातही. "वर द्यायला" म्हणून वेगळे पैसे मागणारा तर दुसऱ्या गुन्ह्यात अडकवायला निघालाय तुम्हाला.

दोघातिघांवर एकच केस असेल तर सगळ्यांचा मिळून एक वकील करूया, खर्च वाचेल, असं घरात कुणीतरी म्हणणारच. जपून. आज सगळे एकाच सुरात बोलताय, उद्या कळतं की एकाची सुटका दुसऱ्यावर ढकलण्यातच आहे, किंवा त्यातलाच एक माफीचा साक्षीदार होतो. मग त्या वकिलाने कुणाकडून बोलायचं? प्रामाणिक वकील हे स्वतःच सांगतो. तसंच तुमची फी तुमचा मालक किंवा कंपनी भरत असेल तर पहिल्या दिवशी स्पष्ट विचारून घ्या, अशील मी आहे की ते? पैसे कुणीही भरू दे, सल्ला तुमच्या भल्याचाच हवा.

निर्णय कुणाचा हेही माहीत हवं. कुठला साक्षीदार कसा तपासायचा, कुठला अर्ज कधी टाकायचा हे वकिलाचं काम, त्यात रोज नाक खुपसू नका. पण गुन्हा कबूल करायचा की नाही हे तुमचं. अमेरिकेत रॉबर्ट मॅकॉय नावाच्या आरोपीच्या वकिलाने फाशी टळावी म्हणून, तो जीव तोडून नको म्हणत असताना, ज्युरीपुढे त्याचा गुन्हा मान्य करून टाकला होता. २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. तेव्हा "कबूल करून टाक, थोडक्यात सुटशील" असा सल्ला आला तर लगेच हो नका म्हणू आणि लगेच नाहीही म्हणू नका, कधीकधी तोच सल्ला बरोबर असतो. आधी विचारा की नोकरीवर, लायसन्सवर, पासपोर्टवर, मुलांच्या ताब्यावर याचा काय परिणाम. परदेशात राहत असाल तर कबुलीने देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि हा धोका अशीलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे असं अमेरिकेत २०१० च्या पडिया निकालात म्हटलंय.

परदेशातलंच अजून एक. दुसऱ्या देशात अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला, म्हणजे आपल्या देशाच्या तिथल्या दूतावासाला, कळवा असं सांगायचा हक्क असतो. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाकिस्तानने हाच करार मोडला असा निकाल दिला. वकिलात तुमची केस लढत नाही, पण तिथल्या वकिलांची यादी देऊ शकते, घरी कळवू शकते, भाषा येत नसेल तर हे फार मोठं असतं.

पैसेच नसतील तर? तर कोर्टात पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगा. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ मध्येच आहे की परवडत नसेल आणि न्यायासाठी गरज असेल तर वकील फुकट मिळाला पाहिजे. भारतात १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली कोठडीत असलेला कुणीही, शिवाय महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, यांना कमाई न बघता मोफत वकील मिळू शकतो, १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे. अमेरिकेत पब्लिक डिफेंडर, म्हणजे आरोपीसाठी सरकारी खर्चाने दिलेला वकील, असतो. "फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ" हे सरसकट खरं नाही, त्यातले कितीतरी जण रोज त्याच कोर्टात क्रिमिनलच काम करतात, भिंतभर पुस्तकंवाल्यापेक्षा त्यांचा हात जास्त बसलेला असतो. अडचण एवढीच की त्यांच्याकडे केसेस फार, म्हणून तुमचे कागद लावून, घटनाक्रम लिहून, साक्षीदारांची नावं-नंबर घेऊन जा, त्याचा वेळ वाचला की तो तुमच्याच कामी येतो.

वकील ठरला की प्रत्येक तारीख स्वतःच्या डायरीत लिहा, ऑफिसकडून फोन येईल म्हणून बसू नका, तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि मिळालेला जामीनही जाऊ शकतो. जामिनाच्या अटी पाठ करा.

आणि नाहीच पटलं तर बदला. फोन उचलत नाही, दोनदा तारखेला आला नाही, कागदांची प्रत देत नाही, एवढं पुरे. आधी एकदा लेखी विचारा, कधीकधी गैरसमज असतो. मग नवा ठरवा, आणि नवा ठरल्याशिवाय जुन्याला सोडू नका, मध्येच तारीख आली तर तुम्ही एकटे उभे. फाईल तुमची आहे, भारतात तर फीचा वाद असला तरी वकिलाला अशीलाची फाईल अडवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय, इतर काही ठिकाणी नियम वेगळा आहे तर तिथे आधी विचारा. आमची फाईल पहिल्या वकिलाकडून आणायला वहिनी तीनदा गेली, तिसऱ्यांदा लेखी अर्ज घेऊन गेली आणि पोच मागितली तेव्हा दहा मिनिटात मिळाली. आत आमच्याच कागदांच्या कॉप्या होत्या, दुसरं काही नाही. पैसे अजून आलेले नाहीत, पावतीच नव्हती ना.